प्रमाण पुठ्ठा

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता काटेसाहेबांच्या बायकोने न्हाणीघराच्या दाराच्या फटीतून आत पाहिलं, तेव्हा काटेसाहेब पुठ्ठा चघळत होते.

पुठ्ठा बुटांच्या खोक्याचा होता. त्याचे चार चौकोनी तुकडे मगमध्ये भिजत पडले होते. काटेसाहेबांनी त्यातला एक तोंडात टाकला, डोळे मिटले, आधी डाव्या दाढांनी चावला, मग उजव्या, आणि आरशापुढच्या वहीत काहीतरी टिपून घेतलं. टिपताना ते समाधानाने मान हलवत होते. नवरा पुठ्ठा खातो हे एक वेळ समजून घेता येतं, पण तो त्याला आवडतो म्हटल्यावर काळजी वाटणारच. बायको पावलं न वाजवता मागे सरली आणि थेट जिना चढून वरच्या मजल्यावर सुनेकडे गेली.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि दुकानादुकानांतून काटे तपासत हिंडत, म्हणून लोकांनी ठेवलेलं ते नाव. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. तराजू दिसला की संशय घ्यायचा, दुकानदार हसला की जास्त संशय घ्यायचा. निवृत्त झाल्यावर खात्याने त्यांचा शिक्का परत घेतला, संशय मात्र त्यांच्याकडेच राहिला. तो आता घरात खर्च होऊ लागला. ते पाव विकत आणून आधी तोलत आणि मग खात. टूथपेस्टच्या नळीवर शंभर ग्रॅम लिहिलंय तर आत नव्वदच असणार, यावर सुनेशी त्यांचा पंधरा दिवस वाद चालला होता. सून दातांची डॉक्टर होती, आणि नळी तिनेच आणलेली होती. हॉटेलातला चहा ते हमखास परत पाठवत. घरातल्यांनी त्यांना काही विचारणं कधीच सोडून दिलं होतं, कारण विचारलं की उत्तराऐवजी चौकशी सुरू होई.

अशा माणसाकडे गेल्या सोमवारी भट्टीवाली आली.

गल्लीच्या टोकाला जुन्या बेकरीची शेड होती. बेकरी बंद पडली, तिथे एका तरुण मुलीने लहानसा बिअरचा कारखाना काढला. पाव भाजायचे तेव्हापासून लोक त्या जागेला भट्टी म्हणत. बिअर सुरू झाल्यावर तोच शब्द लोक जरा डोळा मिचकावून म्हणू लागले. ती बिचारी प्रत्येकाला सांगायची, "भट्टी नाही हो, ब्रुअरी." लोक म्हणायचे, "तेच ते."

"काका, मला तुमची जीभ हवीये," ती दारातच म्हणाली.

काटेसाहेबांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कशाला?"

"माझ्या पाच बिअर तयार आहेत. शनिवारी दुपारी बाराला स्पर्धेवाल्यांची गाडी येणार, त्यांना एकच द्यायची. कुठली देऊ कळत नाही. मित्रांना विचारलं तर सगळे सगळ्यांना छान म्हणतात. मला असा माणूस पाहिजे ज्याला काहीच छान वाटत नाही. दहा जणांना विचारलं, दहाही जणांनी तुमचं नाव सांगितलं."

काटेसाहेबांचा ऊर भरून आला. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत त्यांचं मत मागायला आलेली ती पहिलीच व्यक्ती होती.

"मी बिअर घेत नाही," ते म्हणाले.

"मग तर फारच बरं. आवडनिवड मध्ये येणार नाही."

"खरंय. मी आयुष्यभर सोन्याचे काटे तपासले, पण अंगठीसुद्धा घातली नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "घरात मात्र बोलू नका. हिला चालणार नाही."

बायकोला चालणार नाही हे त्यांना कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात बाटली कधी दिसली नाही, त्याअर्थी चालत नसणार. त्यांनी बायकोला विचारलेलं नव्हतं. निरीक्षक विचारत नसतो, निष्कर्ष काढतो.

जाताना भट्टीवालीने त्यांच्या हाती स्पर्धेवाल्यांचा छापील तक्ता दिला. डाव्या बाजूला पन्नासपैकी गुण आणि उजव्या बाजूला दोषांची यादी. दोष आढळला की त्यापुढे खूण करायची. काटेसाहेबांनी चष्मा लावून यादी वाचली. नाण्याची चव. जळकं रबर. घोड्याची घोंगडी. उकडलेला कोबी. ओला पुठ्ठा. त्यांनी यादी दुसऱ्यांदा वाचली. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात वाचली.

दुसरा कोणी असता तर हसून, अंदाजाने खुणा करून मोकळा झाला असता. काटेसाहेबांची झोप उडाली. खात्याचा पहिला नियम असा, की काटा तपासायचा तर आधी हातात प्रमाण वजन पाहिजे. खात्रीचं एक किलो जवळ नसेल, तर दुकानदाराचं किलो खोटं आहे असं कुठल्या तोंडाने म्हणणार? मग घोड्याची घोंगडी कशी लागते हे ठाऊक नसताना बिअरमध्ये ती आहे की नाही यावर सही कशी करायची? हा तर खोटा दाखला झाला. मंगळवारी सकाळी उठून ते प्रमाण दोष गोळा करायला लागले.

मंगळवारी त्यांनी नाणं चोखलं. एक उकळून, एक न उकळता. बायकोने चहा विचारला तर त्यांनी नुसती मान हलवली. दुपारभर ते बोललेच नाहीत. संध्याकाळी बोलायला गेले आणि नाणं ताटलीत पडून खणकन आवाज झाला. बायकोने नाण्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"खिशात जागा नव्हती का?" तिने विचारलं.

"होती," काटेसाहेब म्हणाले आणि उठून गेले. तिच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तेव्हा.

बुधवारी त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गच्चीत जाळला आणि गार झाल्यावर जिभेला लावून पाहिला. वास जिन्यातून खाली उतरला. कुठेतरी वायर जळतेय असं समजून बायकोने वायरमनला बोलावलं. वायरमनने तीन बोर्ड उघडले, एकातही काही सापडलं नाही, तेव्हा त्याने चौथा उघडला.

"साहेब, वास तर घरातच आहे," तो नाक फेंदारत म्हणाला आणि हुंगत हुंगत काटेसाहेबांच्या सदऱ्यापर्यंत येऊन थांबला. "तुम्ही कशाला हात लावला होता का?"

"माझी झडती घेण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" काटेसाहेब कडाडले.

झडती हा शब्द कोणी उच्चारलाच नव्हता, ही गोष्ट बायकोने लक्षात ठेवली.

गुरुवारी ते इस्त्रीचा कोट घालून बाहेर पडले. कुठे जाताय म्हटल्यावर "कामाला" म्हणाले. निवृत्त माणसाला काम आणि तेही कोट घालून! गावाबाहेर घोडेस्वारी शिकवायचा एक तबेला होता. काटेसाहेब तिथे गेले आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून एका घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीत त्यांनी नाक खुपसलं. घोड्याची हरकत नव्हती. हरकत घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराची होती.

"ओ, काय चाललंय?"

"तपासणी," काटेसाहेब सवयीने म्हणाले.

चौतीस वर्षं हा शब्द कुठेही चालला होता, तो इथेही चालला. मोतद्दाराने घाबरून घोंगडीची एक कड कात्रीने कापून दिली आणि वर "अजून काही लागलं तर सांगा साहेब" असंही म्हटलं. काटेसाहेबांनी ती चिंधी जरा चावून पाहिली, डबीत भरली, डबी खिशात टाकली आणि बऱ्याच दिवसांनी शीळ घालत घरी आले.

कोट खुंटीला लावताना बायकोला खांद्यावर एक केस दिसला. लांब, तपकिरी, हातभर. तिचे स्वतःचे केस पांढरे होते आणि खांद्यापर्यंतही पोचत नव्हते. तिने केस कागदात गुंडाळला आणि रात्रीच्या जेवणाआधी सुनेला दाखवला.

सुनेने तो दिव्यासमोर धरला. "आई, हा फार जाड आहे."

"म्हणजे बाई दांडगी असणार."

"आई, बाबांचं वय काय?"

"वयाचं काय घेऊन बसलीस! कोट इस्त्रीचा होता. माझ्या भाच्याच्या लग्नात हा कोट घाला म्हटलं तर म्हणाले उकडतंय. आणि आल्यावर शीळ वाजवत होते."

"शीळ?" आता सूनही गंभीर झाली.

शुक्रवारी काटेसाहेबांनी आपणहून कोबी मागितला. जन्मात त्यांनी कोबीला हात लावला नव्हता. कोबीच्या वासाने ते जेवणावरून उठायचे. आज म्हणाले, नुसता उकडून दे, मीठसुद्धा घालू नको, आणि पाणी टाकू नको. मग डोळे मिटून ते पाणी घोट घोट प्यायले आणि शेवटी म्हणाले, "अच्छा. हा असा असतो होय."

"कोणी सांगितलं कोबी खायला?" बायकोने शक्य तितक्या सहज विचारलं.

"कोणी कशाला सांगायला हवं?" असं म्हणताना त्यांची नजर दाराकडे वळली. बायकोने त्याचा अर्थ लावला: त्या दांडगीच्या घरी कोबी करतात.

काटेसाहेबही डोळे मिटून बसले नव्हते. घरात दोघी कुजबुजतात, आपण खोलीत आलो की गप्प होतात, सून कारण नसताना आपल्या तोंडाकडे बघते, हे त्यांनी ताडलं होतं. बिअरचा सुगावा लागला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणून शेवटचा दोष, म्हणजे पुठ्ठा, त्यांनी न्हाणीघरात उरकायचा ठरवला. दाराला फट आहे हे मात्र निरीक्षकाच्या नजरेतून सुटलं.

वरच्या मजल्यावर सकाळीच सासू-सुनेची बैठक बसली.

"पुठ्ठा? नक्की पुठ्ठा?" सुनेने विचारलं.

"बुटांच्या खोक्याचा. ते तुझे मोठे बूट आले होते ना, त्यांच्या."

"आई, माणसं कधीकधी माती, खडू असलं काही खायला लागतात. शरीरात काही कमी पडलं की होतं तसं. तपासून घेऊ."

"आणि केस? केसही शरीरात कमी पडलेत म्हणून आणले? तू डॉक्टरकीतलं बोलतेस, मी संसारातलं बोलतेय. ती बाई यांना काहीतरी खायला घालतेय. नादी लावलंय तिने."

बैठक पावणेअकरापर्यंत लांबली आणि खाली दार वाजलं. काटेसाहेब कोट घालून, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी घेऊन निघाले होते. पिशवीत पाच डब्या एकमेकींवर आपटत होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या. सुनेने जाताजाता तपासणीची बॅटरी आणि तो कागदातला केस पर्समध्ये टाकला. पण दोघी खाली पोचेपर्यंत काटेसाहेब गल्लीत दिसेनासे झाले होते, म्हणून त्या दारोदार विचारत निघाल्या.

भट्टीत अकरा वाजता सगळी तयारी होती. भिंतीला लागून चकचकीत टाक्या उभ्या होत्या, मधल्या टेबलावर पाच लहान ग्लास आणि त्यांच्यापुढे एक ते पाच आकडे. भट्टीवालीने केस वर बांधले होते आणि ती नखं खात होती. काटेसाहेबांनी कोट नीट केला, पिशवीतून डब्या काढून ग्लासांसमोर ओळीने मांडल्या आणि एकेकीचं झाकण उघडलं.

"हे काय, काका?"

"प्रमाण दोष. हे रबर, हे नाणं, हा कोबी, ही घोंगडी, आणि हा पुठ्ठा, आज सकाळचा, ताजा."

भट्टीवालीला भरून आलं. तिच्या बिअरसाठी इतके कष्ट तिच्या सख्ख्या भावानेही घेतले नव्हते.

काटेसाहेबांनी पहिला ग्लास उचलला. हुंगला. डबी हुंगली. पुन्हा ग्लास. घोट घेतला, तोंडात फिरवला आणि गिळला. पेन उचलून त्यांनी खूण केली. "ओला पुठ्ठा."

"पहिल्यात?"

"स्पष्ट." त्यांनी दुसरा ग्लास घेतला. "यातही पुठ्ठा. शिवाय रबर." तिसरा. "पुठ्ठा, रबर, आणि मागाहून नाणं." चौथ्याला त्यांनी जरा जास्त वेळ घेतला, तेव्हा भट्टीवालीच्या आशा पल्लवित झाल्या. "कोबी," काटेसाहेब म्हणाले. पाचव्या ग्लासाचा घोट घेतल्यावर त्यांनी नुसतीच घोंगडीच्या डबीवर टिचकी मारली.

"घोडा?" ती कशीबशी म्हणाली.

"घोडा."

भट्टीवालीने स्वतः घोट घेतला. "मला तर नाही लागत काही."

"तुम्हाला सवय झालीये. प्रत्येक दुकानदाराला आपला काटा बरोबरच वाटतो. पुन्हा घ्या. आणि आधी ही डबी हुंगा."

तिने डबी हुंगली, मग बिअर प्यायली, आणि तिचा चेहरा उतरला. "हो हो. आहे. आहे थोडा पुठ्ठा."

एकदा सापडायला लागलं की सगळंच सापडतं, हे काटेसाहेबांनी आयुष्यभर पाहिलं होतं. भट्टीवाली शिकलेली होती, म्हणून तिला नुसते दोषच सापडले नाहीत, तर त्यांची कारणंही सापडली. टाकीत हवा शिरली की पुठ्ठा येतो, म्हणजे झाकण नीट बसत नाही. झाकणाला रबर आहे, म्हणून रबर! नळी बदलली, ती स्वस्तातली घेतली, म्हणून नाणं. उकळताना पातेलं झाकून ठेवलं होतं, त्याने कोबी येतो हे तर पुस्तकातच आहे. आणि घोडा हवेतल्या कुठल्यातरी रानटी यीस्टचा. जुन्या बेकरीच्या भिंती, काय काय असेल त्यांत! ती बोलत गेली आणि काटेसाहेब प्रत्येक वाक्याला मान डोलावत गेले, कारण आजवर कुठल्याही दुकानदाराने त्यांच्याशी इतकं सहकार्य केलं नव्हतं.

"किती गुण?" तिने विचारलं.

काटेसाहेबांनी बेरीज केली. "पाचही मिळून एकोणीस."

ती उठून पहिल्या टाकीपाशी गेली आणि खालच्या तोटीला हात घातला. तोटीखाली जमिनीत गटाराची जाळी होती.

"काय करताय?"

"ओतून देते. सगळी. सहा आठवडे झोपले नाही मी, काका. बाबा म्हणत होते, शाळेतली नोकरी सोडू नको. तेच खरं. असली बिअर कोणाच्या घशात घालू? बरं झालं तुम्ही आलात." तिने तोंड फिरवलं आणि तिचे खांदे हलू लागले.

तीन वर्षांनी कोणीतरी काटेसाहेबांचं ऐकलं होतं, शब्दाला शब्द ऐकलं होतं, आणि ते त्यांना बघवेना. तक्त्यावरचे आकडे बदलावेत असं क्षणभर मनात आलं. पण खोटा दाखला त्यांनी कधी दिला नव्हता. ते उठले, तिच्याजवळ गेले आणि काय करावं न सुचून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

नेमक्या तेव्हाच दारात बायको आणि सून उभ्या राहिल्या.

"हीच का ती?" बायको म्हणाली.

काटेसाहेबांचा हात खांद्यावरून निघाला तो थेट पाठीमागे गेला. "तू इथे कशी?"

"मी कशी? तुम्ही कसे? आणि ही का रडतेय? काय वचन दिलं होतं तुम्ही हिला?"

"एकोणीस गुण," भट्टीवाली हुंदके देत म्हणाली.

बायकोला यातून काहीच बोध झाला नाही. सून मात्र कामाला लागली होती. तिने कागदातला केस काढून भट्टीवालीच्या डोक्याशी धरला. "आई, जुळत नाही. हिचे बारीक आहेत."

"म्हणजे आणखी एक आहे?"

"तो घोड्याचा आहे!" काटेसाहेब ओरडले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी टेबलाकडे हात केला आणि सोमवारपासूनची सगळी हकीकत एका दमात सांगून टाकली. नाणं, ट्यूब, तबेला, कोबी, पुठ्ठा. शेवटी मान खाली घालून म्हणाले, "आणि आज मी बिअर प्यायलो. पाच घोट. हवं तर बोल मला."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. "बिअर? एवढंच होतं?"

"आ करा, बाबा," सून म्हणाली. तिने बॅटरी लावली आणि बराच वेळ आत पाहिलं. "जीभ काळी पडलीये. रबराची काजळी आहे. खालच्या दाढांत पुठ्ठ्याचा लगदा आहे. हिरड्यांपाशी केस आहे, तोही बहुतेक घोड्याचाच. या तोंडाने तुम्ही बिअर चाखलीत?" तिने नळाचं पाणी एका ग्लासात भरून त्यांच्यापुढे ठेवलं. "हे घ्या. गुण द्या."

काटेसाहेबांनी हुंगलं. घोट घेतला. तोंडात फिरवला. पेनाकडे गेलेला त्यांचा हात हवेतच थांबला.

"काय लागतंय?"

"पुठ्ठा," ते क्षीण आवाजात म्हणाले. "मध्यम. आणि शेवटाला किंचित घोडा."

भट्टीवालीने डोळे पुसले आणि तोटीवरचा हात सोडला. काटेसाहेब मटकन खुर्चीत बसले. चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे खोटे काटे जप्त केले होते, आणि आज सदोष काटा त्यांच्याच तोंडात निघाला. त्यांनी तक्ता उचलला, त्यावर आडवी रेघ मारली, खाली 'तपासणी रद्द, काटा सदोष' असं सुवाच्य अक्षरात लिहून तारखेसह सही केली. मग म्हणाले, "माफ करा, बाई. माझ्यामुळे तुमचं सगळं गटारात गेलं असतं."

घड्याळात पावणेबारा झाले होते.

"पण मग पाठवू कुठली?" भट्टीवाली रडकुंडीला आली. "मला आता सगळ्यांत पुठ्ठाच लागतोय. डोक्यातून जातच नाही. डॉक्टर, तुम्ही बघता?"

"मला बाराला एक दाढ काढायचीये," सून म्हणाली. "पेशंटच्या तोंडावर बिअरचा वास नको."

बायकोने खुर्ची पुढे ओढली, पदर-बिदर न सावरता ऐसपैस बसली आणि पाचही डब्यांची झाकणं लावून त्या टेबलाच्या टोकाला सारल्या. मग पहिला ग्लास उजेडात धरला. घाई केली नाही. फेस बसू दिला, ग्लास जरा हलवला, हुंगला, घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. काटेसाहेबांनी तोंड उघडलं तर तिने बोट वर करून त्यांना गप्प केलं.

"पहिली पातळ आहे," ती म्हणाली. "वाईट नाही, पण पाठवण्यासारखी नाही. दुसरी गोडसर, ज्यांना बिअर आवडत नाही त्यांना आवडेल." तिसऱ्या ग्लासाशी ती थबकली. "ही काढताना घाई केलीस ना गं? अजून आठवडाभर राहायला हवी होती."

"आठ दिवस," भट्टीवाली पुटपुटली. "टाकी रिकामी करायची होती म्हणून काढली. पण तुम्हाला कसं..."

"पाचवी ठीक. जरा आंबट, पण मुद्दाम केलेली दिसते." चौथीचा मात्र तिने दुसरा घोट घेतला, आणि मग तिसराही. "ही पाठव. कडू आहे, पण जीभ धरून बसत नाही. हीच पाठव, डोळे झाकून."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. भट्टीवालीने चौथ्या टाकीचं पिंप लोटत दारापर्यंत नेलं. गाडी गेल्यावर ती धावत परत आली आणि काटेसाहेबांच्या बायकोच्या गळ्यातच पडली. "काकू, पुढच्या महिन्यात पण याल ना? दर खेपेला?"

"येईन की. शनिवारचं असलं तर."

सून दवाखान्याकडे गेली. नवराबायको गल्लीतून चालत घरी निघाले. काटेसाहेबांच्या कपाळावर जुनी आठी चढली होती. तिसऱ्या घरापाशी ते थांबले.

"तुला हे सगळं कुठून कळतं?"

"काय?"

"फेस बसू देणं. घाई झालीये, जीभ धरत नाही. हे एका दिवसात येत नाही."

"एका दिवसात कुठे आलं?" बायको चालता चालता म्हणाली. "तुम्ही महिन्यातले दहा दिवस दौऱ्यावर असायचात."

काटेसाहेब जागच्या जागी उभे राहिले. गावोगावच्या दुकानदारांनी काट्याखाली चिकटवलेलं मेण त्यांनी चिमटीने काढलं होतं. दुधाच्या मापाचा दुहेरी तळ त्यांना दुरून कळायचा.

"एकटी?" त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न त्यांनी निरीक्षकाच्या आवाजात विचारला होता.

"एकटी कशी? तुमच्या आई होत्या ना. त्यांनीच तर शिकवलं मला. सुरुवातीला मी नकोच म्हणायचे. त्या म्हणायच्या, अगं, फेस बसू दे आधी, घाई कसली आहे, तो गुरुवारशिवाय येत नाही. बाटल्या परत करायला आम्ही दोघी जायचो. तुम्हाला सांगायचं त्यांच्या फार मनात होतं, पण म्हणायच्या, तो आधी बाटलीतलं माप तपासेल."

काटेसाहेबांना आईची आठवण आली. जाड चष्म्याची, हळू बोलणारी आई. ते दौऱ्याहून आले की बॅग हातातून घेणारी, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जरा जास्त हसणारी. ती आपल्याला बघून हसते असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. त्यांना हसू आलं.

बायको पुढे गेली होती. ते लगबगीने तिला गाठत म्हणाले, "ऐक ना. आई किती गुण द्यायची?"

"गुण कुठले?" बायको म्हणाली. "त्या नुसता ग्लास पुढे करायच्या."